उन्हाळ्यात फिशटँकचं पाणी तापतंय, मासे कसे सांभाळता?

सानिका_घोडबंदर
नमस्कार मंडळी. आम्ही घोडबंदर रोडला बाराव्या मजल्यावर राहतो, हॉल पश्चिमेला. तीन फुटी टँक आहे, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे साधारण सव्वाशे लिटर. त्यात चार ओरांडा गोल्डफिश आणि एक काळा मूर (तोही गोल्डफिशच). शिवाय लेकीच्या टेबलावर तिचा फायटर मासा, वीस लिटरच्या छोट्या टँकमध्ये.

मार्च लागला आणि दुपारी चारला पाणी ३२ अंशांवर जायला लागलं. सकाळी २८ असतं. गोल्डफिश दुपारभर फिल्टरच्या धारेखाली तोंड वर करून उभे असतात, कल्ल्यांची उघडझाप नुसती बघवत नाही. एक दुकानदार म्हणतो, "बर्फ टाका, काही होत नाही." दुसरा म्हणतो चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्या, पण त्या पैशांत घरात आणखी एक एसी बसेल.

चिलर न घेता उन्हाळा नीट काढणारं कोणी आहे का इथे? आपण नेमकं काय करता ते सांगा. "पाणी थंड ठेवा" एवढं मलाही माहीत आहे.

नेरूळचा_नंदू
बर्फ टाकू नका. आत्ता लोकलमध्ये आहे, घरी गेल्यावर सविस्तर लिहितो. तोवर टँकचा हूड, म्हणजे वरचं झाकण, काढून ठेवा.

बांगडाप्रेमी
शीर्षक वाचून धावत आलो! वाटलं, बाजारातून आणलेली पापलेटं घरी येईपर्यंत ताजी कशी ठेवायची ते कळेल. असो, गोल्डफिशना शुभेच्छा. 🙂

गप्पीवाला_काका
सानिकाताई, तुमचे मासे धारेखाली उभे राहतात याचा अर्थ ते तुम्हाला सांगतायत की गारव्याआधी हवा द्या. मी नौपाड्यात जुन्या चाळवजा इमारतीत राहतो, वर पत्रा. एप्रिलमध्ये आमच्याकडे ३३ अंश पाणी मी पाहिलेलं आहे आणि गोल्डफिश त्यातून सुखरूप निघालेले आहेत. त्यामुळे आधी घाबरू नका.

मी मार्च लागला की टँकमध्ये एक जादा एअर पंप चालू करतो आणि पावसाची पहिली मोठी सर येईपर्यंत तो बंद होत नाही. रात्रीही नाही. लोकांना वाटतं दुपार निभावली की झालं. टँकमध्ये झाडं असतील तर उलट पहाट जास्त वाईट, कारण अंधारात झाडंही प्राणवायूच घेतात. उन्हाळ्यात तलावातले मासे मेल्याच्या बातम्या येतात तेही बहुतेक वेळा सकाळी उजाडल्यावरच दिसतं.

दुसरं म्हणजे खाणं. पाणी तापलं की मासे जास्त हावरट होतात, तुम्ही काचेजवळ गेलात की नाचतात. देऊ नका. सकाळी लवकर एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. फार तापलेल्या दिवशी उपास घडला तरी मोठ्या गोल्डफिशला काही होत नाही. उरलेलं खाणं कुजलं तर मात्र होतं.

तिसरं, लाईट. हौसेने आपण दिवसभर टँकचा लाईट चालू ठेवतो. संध्याकाळी चार-पाच तास पुष्कळ झाले.

प्रोटॉन
काकांना अनुमोदन, फक्त एक भर घालतो, कारण "गरम पाण्यात प्राणवायू राहत नाही" हे वाक्य सगळीकडे अर्धवट फिरतं.

गोड्या पाण्यात २४ अंशांना लिटरमागे जास्तीत जास्त साधारण ८.४ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३२ अंशांना ७.३. म्हणजे घट होते, पण अर्ध्यावर वगैरे येत नाही. खरी गोम मागणीत आहे. मासा थंड रक्ताचा, पाणी तापलं की त्याच्या शरीरातल्या सगळ्या क्रिया वेगाने चालतात. तापमान दहा अंशांनी वाढलं तर प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. फिल्टरमधले जिवाणू, तळाची घाण कुजवणारे जिवाणू, सगळ्यांचीच भूक वाढते. पुरवठा थोडा घटला आणि गिऱ्हाइकं दुप्पट झाली. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता ठेवणं हे पहिलं काम. बुडबुडे दिसायला छान, पण प्राणवायू मुख्यतः पृष्ठभाग हलल्यामुळे मिसळतो. फिल्टरचं तोंड थोडं वर वळवून पाण्यावर लाटा उठतील असं केलंत तरी खूप फरक पडेल.

आणि अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात येणारं विष. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एकच फार विषारी. पीएच ८ असेल तर २५ अंशांना एकूण अमोनियापैकी साधारण ५.४ टक्के विषारी रूपात असतो, ३० अंशांना ७.५ टक्के. घाण तेवढीच, विष जास्त. काका खाणं कमी करा म्हणतात त्यामागे हेही आहे.

नेरूळचा_नंदू
आलो घरी. आता बर्फाचं.

एक लिटरची पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून टँकमध्ये तरंगत ठेवली, तर ती वितळून टँकच्या पाण्याइतकी होईपर्यंत शंभर लिटर पाणी जवळजवळ एक अंशाने उतरवते. सानिकाताईंच्या मोठ्या टँकला ती काही पुरणार नाही, दोन तासांत पाणी परत तापेल. तीच बाटली लेकीच्या वीस लिटरच्या टँकमध्ये टाकली तर पाणी पाच अंशांनी खाली! फायटर त्यात आजारीच पडायचा. मोठ्यात निरुपयोगी आणि छोट्यात धोक्याची अशी ही गोष्ट. सुटे बर्फाचे खडे तर नकोतच, मासे त्यांच्याजवळ जातात आणि ते नळाच्या पाण्याचे असले तर क्लोरीनही आलं.

माशाला चढउताराचा त्रास जास्त होतो. ३१ वर स्थिर असलेलं, हवा खेळतं पाणी मला चालेल. दुपारी ३२, बर्फ टाकल्यावर २७, संध्याकाळी परत ३१, हे नको.

मी पंखा लावतो. कॉम्प्युटरमध्ये असतो तो १२ व्होल्टचा छोटा पंखा, तसे दोन, टँकच्या कडेला तिरके बसवून वारा थेट पाण्याच्या पृष्ठभागावर. वारा पाणी थंड करतो ते बाष्पीभवनाने. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता घेऊन जातं, ती एक लिटर बर्फ वितळताना घेतो त्याच्या सातपट आहे. माझ्याकडे पाणी ३२ वरून २९ च्या आसपास येतं आणि तिथेच राहतं. विजेचा खर्च नगण्य.

मीनाक्षी
नंदू, तुमचा आकडा मार्चचा असणार. मी वाशीत राहते. गेल्या मे महिन्यात हाच पंखा दिवसरात्र लावून माझं पाणी ३०.५ च्या खाली काही उतरलं नाही. टँक रोज बोटभर रिकामा, भिंतीला ओल, आणि मासे होते तिथेच. पंखा लावला की प्रश्न मिटला असं नव्याने पाळणाऱ्यांना सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रोटॉन
मीनाक्षीताई, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि नंदूचंही. दोन्ही आपल्या हवेमुळे.

मार्चमध्ये आपल्याकडे पूर्वेकडून, जमिनीवरून कोरडे वारे येतात आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो. हवा ३८ अंश पण कोरडी. अशा हवेत आर्द्रता २०-२५ टक्के असली तर बाष्पीभवनाने पाणी कागदावर तरी २२-२३ पर्यंत उतरू शकतं. प्रत्यक्षात एवढं उतरत नाही, पण वाव भरपूर असतो. मेमध्ये हवा ३४ असते पण आर्द्रता ६५ टक्के. तेव्हा ती सीमा २८ वर येते. कितीही मोठा पंखा लावा, त्याखाली जाणार नाही. खोलीचं दार-खिडकी बंद असेल तर टँकमधून उडालेली वाफच खोलीत साठते आणि पंखा आणखी निकामी होतो. म्हणून मेमध्ये पंख्याबरोबर खिडकी उघडी हवीच.

नेरूळचा_नंदू
मीनाक्षीताई, मान्य. मेमध्ये माझंही ३० असतं. पण तेव्हाही पंख्याने पृष्ठभाग हलतो, म्हणून मी तो काढत नाही.

तलावपाळी
एवढा खटाटोप करण्यापेक्षा दोन महिने उपवनला किंवा मासुंद्यात सोडून द्या की. ठाण्यात तलावांना काय तोटा. मोकळं पाणी, मासेही खूश.

गप्पीवाला_काका
तलावपाळी, मनात दया आहे म्हणून सुचवलंत हे कळतं, पण असं कधीही करू नका. टँकमध्ये वाढलेला, मोठ्या शेपटीचा ओरांडा तलावात खंड्या आणि बगळ्यांच्या तोंडी जाईल. जो जगेल तो तळ उकरून पाणी गढूळ करेल, झाडं उपटेल. आणि टँकमधला आजार तिथल्या माशांना. सगळ्यात वाईट तो काळा सकर मासा. दुकानात बोटाएवढा, "काच साफ करतो" म्हणून विकतात, तो फूटभर वाढतो आणि मग लोक तलावात टाकून येतात. तो काठाला बिळं करतो, हाडासारख्या कठीण चिलखतामुळे त्याला खाणारं कोणी नाही, आणि मूळ मासे मागे पडतात. देशात कितीतरी ठिकाणी हे झालंय. नको असलेला मासा दुकानात परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या, मला द्या. तलावात नको.

तलावपाळी
हे माहीत नव्हतं काका. धन्यवाद, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो.

कोपरीकर
सगळे उपाय वाचले. पण मूळ मुद्दा कोणी बोलत नाही. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा. त्याला १८ ते २४ अंश मानवतात. ठाण्यात तो पाळूच नये. शोभेसाठी एका जिवाला दरवर्षी चार महिने त्रासात ठेवायचं आणि मग पंखे लावायचे, हे मला पटत नाही.

सानिका_घोडबंदर
कोपरीकर, तुमचं म्हणणं मनाला लागलं, आणि खोटंही नाही. पण हे पाच मासे आत्ता माझ्या घरी आहेत. त्यातला मूर सासूबाईंनी आणलेला, त्यांच्या हातून खाण्याची गोळी घेतो. आता त्यांना ठाण्यातच राहायचंय तर मी त्यांचे हाल कमीत कमी कसे होतील ते बघणार. त्याचसाठी धागा काढला.

गप्पीवाला_काका
दोघंही बरोबर. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो, त्यामुळे आहेत त्यांची जबाबदारी आहेच. पण जे आज टँक घ्यायला निघालेत त्यांनी कोपरीकरांचं ऐकावं. आपल्या हवेला गप्पी, मॉली, एंजल, गुरामी हे मासे सोयीचे. निऑन टेट्रा आणि तळाशी राहणारे बरेचसे कोरी मासे उन्हाळ्यात हैराण होतात. चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी) पाणी २८ च्या वर गेलं की धोक्यात.

डिस्कसवेडा
आणि आमचे डिस्कस मासे २८ ते ३० अंश मागतात. तुम्ही सगळे मार्चला घाबरता, माझं जानेवारीतलं हीटरचं बिल बंद होतं म्हणून मी पेढे वाटतो! हवा मात्र मीही वाढवतोच, ती त्यांनाही लागते.

आरती_ऐरोली
पाणी बदलण्याबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

उन्हाळ्यात दुपारी नळाला येणारं पाणी म्हणजे गच्चीवरच्या टाकीत उन्हात तापलेलं पाणी. आमच्याकडे दोन वाजता नळाखाली हात धरवत नाही. ते थेट टँकमध्ये घातलं तर मासे गेलेच समजा. मी आदल्या रात्री झोपताना पिंपात पाणी भरते, त्यात एअर पंपाच्या नळीला लावलेला बुडबुड्यांचा दगड (एअर स्टोन) सोडते आणि सकाळी सहा-सातला बदलते. तोवर पाणी खोलीच्या तापमानाला येतं आणि क्लोरीनही बराचसा उडतो. तरी अँटी-क्लोरीनचे थेंब घालतेच. एका वेळी पाचवा हिस्सा, फार तर चौथा. त्यापेक्षा जास्त नको.

पंखा लावणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्या. उडतं ते फक्त पाणी, त्यातले क्षार टँकमध्येच राहतात. काचेवर पाण्याच्या जुन्या पातळीला पांढरी रेघ उमटलेली दिसेल, ती नखाने खरवडली तर पीठ निघतं, तेच. म्हणून रोज वरून भर घातली म्हणजे पाणी बदललं असं होत नाही. आठवड्याला थोडं काढून नवीन घालावंच लागतं.

आणि शुक्रवार! देखभालीसाठी लाईट गेली की तीन-चार तास पंखा बंद, फिल्टर बंद. आमच्याकडे इन्व्हर्टरवर फक्त एअर पंप जोडलाय. तो तीन ते पाच वॅट खातो, इन्व्हर्टरला कळतही नाही. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा, लाईट गेली की आपोआप सुरू होणारा पंप मिळतो. काहीच नसेल तर मगने टँकमधलंच पाणी वरून धार धरून परत ओतत राहायचं. बाहेरचा मोठा बंद फिल्टर असेल आणि लाईट बरेच तास गेली असेल तर सुरू करण्याआधी त्यातलं साचलेलं पाणी बाहेर ओतून द्या. आतले जिवाणू गुदमरून मरायला लागलेले असतात, ते पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका.

बांगडाप्रेमी
आरतीताई, मगवाला उपाय आमच्या शेजाऱ्यांकडे प्रत्यक्ष पाहिलाय. आजोबा, नातू, सून अशी पाळी लावून अख्खं घर धार धरत होतं. मासे वाचले आणि नातवाचा पाढाही पाठ झाला.

शाल्मली
फायटरचं कोणी सांगाल का? आमचाही पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतो. प्राणवायू कमी पडतोय का?

प्रोटॉन
शाल्मली, फायटर आणि गुरामी पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतात, त्यांना तसा वेगळा अवयवच असतो. त्यामुळे फायटर अधूनमधून वर येऊन हवा घेत असेल तर ते त्याचं रोजचंच. तळाशी आडवा पडून राहतोय, खात नाहीये, पर मिटून बसलाय, तर मात्र काळजी करा. गोल्डफिश किंवा टेट्रा सगळे मिळून वर येऊन धापा टाकत असतील तर ती धोक्याची घंटा.

सानिकाताई, लेकीच्या टँकबद्दलही तेच. वीस लिटर पाणी पटकन तापतं आणि पटकन निवतं. रात्री खोलीत एसी लावत असाल तर ते आधी बघा. दिवसा ३२, एसीत पहाटे २५, हा चढउतार त्याला रोज बसतोय. टँक एसीच्या झोतापासून लांब, टेबलाऐवजी खाली सावलीत, आणि एसी २६-२७ ला. जोराचा पंखा त्याच्या पाण्यावर नको, मोठ्या परांमुळे त्याला प्रवाहात पोहणं जड जातं.

मुक्ता_खारघर
माझ्या आजीने सुचवलेला उपाय: टँकच्या काचेला बाहेरून ओला पंचा गुंडाळायचा, वरून सीलिंग फॅन. आम्ही खिडकीत वाळ्याचा पडदाही सोडतो. दोन्ही मिळून खोलीच बरी राहते.

नेरूळचा_नंदू
वाळ्याचा पडदा उत्तम. ओला पंचा मला पटत नाही. काच माठासारखी पाझरत नाही, पंचा वाळला की उपयोग संपला, आणि ओघळ सॉकेटपर्यंत गेला तर काय? विजेचं सगळं जवळ असतं तिथे. त्यापेक्षा उन्हाच्या बाजूच्या काचेला थर्माकोलचा तुकडा लावा.

मुक्ता_खारघर
पंचा दर तासाला भिजवतो आणि सॉकेट विरुद्ध बाजूला आहे, त्यामुळे आमच्याकडे चालतो. पण थर्माकोलचं लगेच करते.

आरती_ऐरोली
विजेचा विषय निघालाच आहे तर: प्रत्येक वायरला खाली झोळ देऊन मग वर सॉकेटकडे न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर लाईट गेल्यावर नळीतून पाणी उलटं येतं. आणि हात घालण्याआधी सगळं बंद.

डोंबिवलीची_पाहुणी
उन्हाळ्यात माझ्या मॉलींच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके आलेत. पाणी गरम असताना औषध घालायचं का?

गप्पीवाला_काका
व्हाईट स्पॉट दिसतोय, परजीवीमुळे होणारा आजार. औषध घालायचं, पण कितीतरी औषधांनी पाण्यातला प्राणवायू आणखी घटतो, म्हणून जादा एअर पंप आधी, औषध नंतर. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो काढून ठेवा, तो औषध शोषतो. आणि ठिपके गेले की लगेच थांबू नका. परजीवीची पुढची पिढी तळाशी असते, पाकिटावर लिहिलेला पूर्ण कोर्स करा.

सानिका_घोडबंदर
सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी हूड काढला, वर नायलॉनची जाळी ताणली (ओरांडा उडी मारत नाहीत, पण मूरचा भरवसा नाही), दोन छोटे पंखे तिरके बसवले आणि फिल्टरचं तोंड वर वळवलं. पश्चिमेच्या काचेला थर्माकोल, खिडकीला बांबूचा पडदा. काल दुपारी चारला २९.५. पहाटे उठून पाहिलं तर २७.५. मासे धारेखालून हलले आहेत, टँकभर फिरतायत, एक तर तळाशी वाळू चिवडत बसला होता. फायटरचा टँक खालच्या कप्प्यात आणला, एसी २६ वर.

एकच प्रश्न. पंखे रात्रीही चालू ठेवू का? आणि मेमध्ये मीनाक्षीताई म्हणतात तशी वेळ आली तर?

मीनाक्षी
रात्री चालू ठेवा, बंदचालू केलं की परत तोच चढउतार. मेमध्ये पाणी ३०-३१ ला अडलं तर ते खाली आणायच्या मागे लागू नका. खाणं आणखी कमी, एअर पंप दोन, पाणी दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं, आणि टँकमध्ये एकही नवीन मासा नको. माझे सगळे मासे मागच्या मेमधून असेच निघाले.

नेरूळचा_नंदू
आणि पंखे पावसात काढून ठेवलेत तर कपाटात खोलवर टाकू नका, ऑक्टोबरला परत लागतील. पात्यांवर क्षार बसतात, महिन्यातून एकदा सुक्या ब्रशने झाडा. अडॅप्टर १२ व्होल्ट एक अँपियरचा असेल तर तसे दोन पंखे आरामात चालतात.

सानिका_घोडबंदर
माझा अर्ध्या अँपियरचा आहे आणि गरम होतोय. उद्या स्टेशनजवळून मोठा घेते.